घरच्या बाईचं पथ्य

यजमानांच्या रक्तात साखर निघाली की दुसऱ्या दिवसापासून सारा स्वयंपाक बदलतो. त्यांची भाकरी वेगळी, भाजीत गूळ नाही, चहा फिका. पण तीच साखर घरच्या बाईच्या रक्तात निघाली तर? बहुतेक घरांत तिचा चहा तेवढा फिका होतो. बाकी ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि 'टाकायचं कशाला' म्हणून उरलेला भातही तीच संपवते. भगिनींनो, पथ्याची सुरुवात इथून करायची आहे, कारल्याच्या रसापासून नव्हे!

आधी वेळेचं. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं, तर साखर एकदम खाली येते. हात कापतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर ७० च्या खाली गेली, की ती कमी झाली असं समजतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि बरं वाटलं की जेवून घ्यावं. हो, मधुमेह असला तरी साखरच! शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

म्हणून 'सगळ्यांचं होऊ दे, मग मी बसते' हे आता चालायचं नाही. सासूबाई काय म्हणतील, हा प्रश्न येणारच. त्यांना एकदा डॉक्टरांकडे बरोबर न्या. सुनेनं सांगून न पटलेली गोष्ट डॉक्टरांनी सांगितली की पटते!

आता ताट. वेगळा स्वयंपाक नको. अर्ध्या ताटात भाजी नि कोशिंबीर. बटाटा, रताळं त्यात धरायचं नाही, ती भाताच्या पंगतीतली. पाव ताटात उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासे. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. यातलं 'किंवा' नीट वाचा, बरं का. ज्वारी चांगली म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. आणि साखरेऐवजी गूळ म्हणजे नुसता रंगाचा फरक.

भात मोजूनच लावावा. उरलाच तर सकाळी फोडणीला घालून सगळ्यांना थोडा थोडा वाढावा. तो एकटीनं संपवायचा नाही.

उपासाचं जरा अवघड आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा घातला की विचारायलाच नको. दिवसभर पोट रिकामं आणि रात्री ताटभर खिचडी, हे तर सर्वांत वाईट. औषध चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी उपास करूच नये. त्यांनी उपासाला हो म्हटलं, तर राजगिऱ्याची एखादी भाकरी, काकडीची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, ताक असं वेळेवर, थोडं थोडं घ्यावं.

किती पोहे चालतात, आंब्याच्या किती फोडी चालतात, याचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं. घरी साखर तपासायचं यंत्र असेल तर जेवायला बसल्यापासून दोन तासांनी तपासावं, आणि वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर काय खाल्लं नि आकडा किती आला ते लिहून ठेवावं. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना ती वही पिशवीत टाकायला विसरू नका.