ओली गादी हा गुन्हा नव्हे

पाचगणीच्या निवासी शाळांत सहा-सात वर्षांची मुलेही राहायला येतात. सकाळी एखाद्याची गादी ओली निघाली, की मोठ्यांचा निकाल तयार असतो: आळशी आहे, घरी लाडावले आहे, चारचौघांत लाज वाटली की सुधारेल.

आळस करायला माणूस जागा असावा लागतो. या मुलांना मूत्राशय भरल्याचा संदेश झोपेतून उठवत नाही. काहींच्या शरीरात रात्रीची लघवी कमी करणारे संप्रेरक पुरेसे वाढलेले नसते. पाचव्या वर्षी साधारण 15 टक्के मुले अंथरूण ओले करतात. आई-वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर चारातल्या तीन मुलांना तो होतो. यात लाडाचा संबंध कुठे आला?

शिक्षेच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलची काढता येईल. आठव्या वर्षी इंग्लंडमधल्या सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत गेल्यावर त्याचे अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले. त्याला मार बसला, आणि पुढे ते थांबले, असे तो स्वतःच लिहितो. मग मार लागू पडला म्हणायचे का? नाही. दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे 15 टक्के मुले काहीही न करता कोरडी होतात. मारानंतर थांबले, म्हणून मारामुळे थांबले, हे ठरत नाही. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचे पाप आपल्याला लागते, ही समजूत मात्र त्या मुलाच्या मनात खोल रुतली.

संध्याकाळपासून पाणी तोडणे हाही उपाय नव्हे. दिवसभर नीट पाणी द्यावे, फक्त झोपण्याआधीचा तास-दोन तास कमी. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बरे करावे. साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो.

पाचगणीची थंडी आणि पावसाळ्यातले धुके यांचाही विचार हवा. गार, अंधाऱ्या व्हरांड्यातून संडासापर्यंत जायला लहान मूल घाबरते. तिथे रात्रभर दिवा असावा. पावसात गादी वाळत नाही आणि कोणाची ते सगळ्यांना कळते, म्हणून चादरीखाली मेणकापड घालावे आणि मेट्रनने गाजावाजा न करता चादर बदलावी. पालकांनीही प्रवेशाच्या वेळी हे लपवू नये; लपवले की मूल एकटे पडते.

सातव्या वर्षानंतर ओलावा कळताच वाजणारा गजर किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध उपयोगी पडते. सहा महिने कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला सारखी तहान लागली, वजन उतरले, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी.