आईला कसे सांगायचे?

ब्रेस्लाऊ शहरात ऑगस्टे स्टाईन नावाची एक विधवा बाई लाकडाची वखार चालवीत असे. (हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आता पोलंडमध्ये आहे.) १८९३ साली नवरा अचानक गेला, तेव्हा पदरात सात मुले होती आणि डोक्यावर कर्ज. बाईने हिमतीने वखार सांभाळली, कर्ज फेडले, मुलांना शिकवले. शेंडेफळ ईडिथ तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती.

ईडिथचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ चा. त्या दिवशी यॉम किप्पूर होता, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा, वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. आईला त्याचे फार अप्रूप. घरात सणवार, उपास सगळे पाळले जाई. पण आई दिवसभर वखारीत, वडील नाहीत, आणि त्यांच्या जागी प्रार्थना म्हणणारे थोरले भाऊ ती मनापासून म्हणत नसत. पोरांना हे कळल्याशिवाय राहते का! चौदा-पंधराव्या वर्षी ईडिथने अगदी ठरवून प्रार्थना सोडून दिली.

पुढे ती तत्त्वज्ञान शिकायला गटिंगेनला गेली. हुसर्लसारखे गुरू लाभले, १९१६ साली डॉक्टरेट मिळाली. देवाचा प्रश्न मात्र मिटलेला नव्हता. १९१७ साली तिचे शिक्षक राइनाख युद्धात मारले गेले. तेही जन्माने ज्यू, वर्षभरापूर्वीच पतिपत्नींनी बाप्तिस्मा घेतलेला. त्यांचे कागदपत्र लावून द्यायला ईडिथ गेली ती धास्तावूनच. नवरा गेलेल्या मैत्रिणीचे सांत्वन करायचे कसे? पण ती तरुण विधवाच इतकी शांत होती, की आपल्या अश्रद्धेला तिथे पहिला तडा गेला, असे ईडिथने पुढे सांगितले. १९२१ च्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या घरी संत तेरेसा ऑफ आविलाचे आत्मचरित्र तिच्या हाती पडले. १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. वय तीस.

आता आईला कसे सांगायचे? चिठ्ठी पाठवून मोकळे होता आले असते. ईडिथ स्वतः घरी गेली आणि तोंडाने सांगितले. एवढी खंबीर बाई, पण ती रडली.

आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मागे राहिलेल्या माणसाचे काय होते ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आपण वाचले आहे. लक्ष्मीबाईंनी पुढे तो धर्म स्वीकारला. ऑगस्टेबाईंनी कधीच नाही. तरी लेकीला घराचे दार बंद झाले नाही, आणि लेकही घरी आली की आईबरोबर सिनेगॉगमध्ये जाऊन बसे.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ईडिथची शिकवण्याची नोकरी गेली. तिने कलोनच्या कार्मेलाईट मठात जायचे ठरवले. ज्यूंवर संकट आलेले असताना ही चालली मठात! आत्ताच का, असे बारा वर्षांच्या भाचीनेही विचारले. निघण्याच्या आदल्या दिवशी ईडिथचा वाढदिवस होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईबरोबर ती सिनेगॉगला गेली. परतताना आईने विचारले, ज्यू राहूनही माणूस देवाचा होऊ शकतोच ना? आणि त्या ख्रिस्ताविषयी आपले काही म्हणणे नाही, तो भला माणूस असेलही. पण त्याने स्वतःला देव का म्हणवून घेतले? रात्री आई पुन्हा रडली. लेक तिला जवळ घेऊन बसून राहिली. मला वाटते, त्या रात्री दोघींचेही खरे होते.

मठातून ईडिथ दर आठवड्याला पत्र लिही. बराच काळ आईचे उत्तर नाही. मग कधीतरी इतरांच्या पत्रात आईच्या हातच्या दोन ओळी येऊ लागल्या. थोरल्या बहिणीलाही, रोझालाही, बाप्तिस्मा हवा होता. आईला दुसरा घाव नको म्हणून ती थांबून राहिली.

या दोघी बहिणींना २ ऑगस्ट १९४२ रोजी हॉलंडमधल्या मठातून पकडून नेले आणि आठवड्याभरात आउशविट्झला मारले. १९९८ साली पोपनी ईडिथला संतपद दिले, तेव्हा ती ज्यू म्हणून मारली गेली याची आठवण अनेक ज्यूंनी करून दिली. त्यात खोटे काहीच नाही.

आई त्याआधीच, १४ सप्टेंबर १९३६ रोजी गेली होती. अखेरीस तीही ख्रिस्ती झाली, अशी अफवा तेव्हा उठली. लेकीला ती सोयीची होती. ईडिथने पत्र लिहून ती साफ खोडून काढली: आई शेवटपर्यंत आपल्या धर्माला धरून होती.