वज्रेश्वरीची वाट अंजूरहून जाते

सुटीचा दिवस उजाडला की भिवंडीच्या खाडीकाठच्या गावांतून एखादी तरी गाडी वज्रेश्वरीकडे निघते. अंजूरही त्याला अपवाद नाही. आळीतली आठ-दहा कुटुंबे, पुढची जागा धरून बसलेल्या आजीबाई, मागे मुलांचा कल्ला, अंबाडी नाक्यावर चहा. मग अकलोलीच्या उष्ण कुंडात स्नान, देवीचे दर्शन, गणेशपुरीस नित्यानंद स्वामींच्या समाधीपुढे माथा टेकणे आणि दिवेलागणीला घर. अशा सहलींना नाके मुरडण्याचे काहीच कारण नाही. चार घरे एका गाडीत बसून शिदोरी वाटून खातात, हेही आजच्या काळात थोडे नव्हे. परंतु ज्या गावातून ही मंडळी निघतात आणि ज्या टेकडीवर ती चढतात, त्यांचे परस्परांशी नाते काय, हे गाडीतील किती जणांना ठाऊक असते?

अंजूरच्या खाडीपलीकडे साष्टी. अठराव्या शतकात तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यातील शिवस्थानाचे त्यांनी चर्च केले होते. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनची जरब उत्तर कोकणापर्यंत पोहोचली होती. हा जाच संपावा म्हणून पेशव्यांकडे खेटे घालणारे, त्यांना साष्टीची खडान्‌खडा माहिती पुरवणारे गंगाजी नाईक याच अंजूरचे. चिंचवडच्या देवांचा आशीर्वाद घेऊन त्यांनी हे कार्य हाती घेतले, असे नाईक घराण्याची परंपरा सांगते. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, तेव्हा तेथील किल्ल्याचे बांधकाम अपुरे होते. अशी वेळ अचूक साधायची तर स्थानिक माणसाचे डोळे आणि कान लागतात. इतिहासात नाव सेनापतीचे होते. ते योग्यच, पण वाट दाखविणारा विस्मृतीत जावा, हे योग्य नाही.

पुढे वसईला वेढा पडला. किल्ला दाद देईना, तेव्हा चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला की, वसई हाती आली तर तुझे मंदिर बांधीन. देवीचे मूळ ठाणे गुंज येथे होते, ते पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केल्यावर ती वडवलीस आली, असे परंपरा मानते. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि शब्द पाळला गेला. मंदागिरीवरील आजचे मंदिर ते हेच. बावन्न पायऱ्या, भोवती किल्ल्यासारखा दगडी तट, वसईच्या वेशीची आठवण देणारा नगारखाना. मंदिराला तट कशाला, असा प्रश्न एखादे चौकस पोर विचारतेही. त्याला उत्तर देणारा बरोबर कोणी नसतो. पायरीवरच्या सोनेरी कासवापाशी छायाचित्र निघते आणि मंडळी प्रसादाच्या रांगेकडे वळतात.

त्याच विजयाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. वसईच्या तहात पराभूत शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मिळाली. दोन शतके जे भोगले त्याची परतफेड त्याच नाण्यात झाली नाही. वसईच्या गावांतील ख्रिस्ती मराठी समाज आजही तेथे नांदतो आहे. केवळ जयंती-पुण्यतिथीच्या घोषणांवर भागविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही हे कलम जरा वाचावे.

आज अंजूरच्या शिवारात गोदामे उभी आहेत. रस्त्यावर कंटेनरची रांग हलत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला या परिसराची ओळख गोदामांमुळे पटते, नाईकांच्या वाड्यामुळे नाही. गोदामांनी पोट भरते, त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. तक्रार आहे ती वाड्यावरून गाडी न थांबता पुढे जाते याची.

यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. सहल काढणाऱ्या मंडळाने सकाळी अर्धा तास नाईकांच्या गणपतीसमोर थांबावे, गावातल्या एखाद्या शिक्षकाला गाडीत बरोबर घ्यावे आणि अंबाडीपर्यंत त्याला बोलू द्यावे. गाणी परतीच्या प्रवासात लावता येतील. देवीच्या पायऱ्या चढताना मग निदान एका मुलाला तरी कळेल की, या मंदिराचा एक दगड आपल्या गावच्या माणसाने रचला आहे.