कृषिदूतांची परीक्षा तुमच्या बांधावर



खरिपाच्या सुमारास कृषी महाविद्यालयाची मुले-मुली गावात मुक्कामाला येतात. मुलांना आपण कृषिदूत म्हणतो, मुलींना कृषिकन्या. सरपंच नारळ देऊन स्वागत करतात, झाडे लागतात, फोटो निघतो. पुढे ही पोरे वही घेऊन दारात उभी राहतात, "काका, इथे सही करा." पोरांचे नुकसान नको म्हणून आपणही डोळे झाकून सही करतो. आज त्या सहीबद्दल दोन शब्द.

बी.एस्सी. कृषीच्या चौथ्या वर्षातील हा ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणजे सहल नव्हे, परीक्षा आहे आणि तिला गुण आहेत. २५ जुलै २०१५ रोजी देशभर सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी' कार्यक्रमाचाही तो एक भाग आहे. कागदावरचे उत्तर पाठ करता येते. पण पाठांतराने शेत पिकत नाही. म्हणून ही परीक्षा वर्गाऐवजी तुमच्या शेतात ठेवली आहे.

एक उदाहरण पाहू. सोयाबीनची उगवण कशी तपासावी, हे प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे ठेवावेत, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावी आणि पाच ते सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. ही झाली कृती. आता तुमच्या कणगीतले बियाणे त्याच्या हाती द्या. समजा, ६० दाणेच चांगले उगवले. मग विचारा, "बाळा, आता एकरी किती पेरू?" ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो लागते. म्हणजे ६० टक्क्यांना ३५ किलो, हा हिशेब त्याला मांडता आला पाहिजे. ४० च उगवले तर मात्र "बियाणे वाढवू नका, बदला" असे सांगण्याचे धैर्य त्याच्यात हवे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. म्हणून मळणी कशी केली, पोती किती उंच रचली, आदळआपट झाली का, हे त्याने आपणहून विचारले, तर पोरगा तयार झाला समजा. पेरणी उरकली असेल, तर शिल्लक बियाण्यावर हे काम करून घ्या.

बियाणे निवडणे, वाळवणे, राखणे हे बहुतेक घरांत बायकाच करतात. तेव्हा ताई-माईंनीही ओसरीवर बसून प्रश्न विचारावेत. मुलगी अडखळली तर हसू नये. तिला पुन्हा करू द्यावे. चुकायची जागा हीच आहे. इथली चूक मूठभर दाण्यांची, पुढची चूक अख्ख्या हंगामाची.

कारण ही पोरे परकी नाहीत. उद्या त्यांच्यातला कोणी सहायक कृषी अधिकारी होईल, कोणी बँकेत पीककर्जाचे कागद पाहील, कोणी कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसून तुम्हाला औषधाची बाटली देईल. आज न पाहता केलेली सही तेव्हा आपल्याच शेतावर उलटते.

म्हणून यंदा पोरांना चहा पाजा, भाकरी द्या, पण सही कामानंतरच करा. सहीशेजारी एक ओळ लिहा: "काम स्वतः केले व मला समजावून दिले." तसे झाले नसेल, तर वही परत द्या आणि म्हणा, "उद्या सकाळी ये, आपण मिळून करू."