होडी उचलण्याआधी तिच्यातले पाणी मोजा

गेल्या पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातल्या एका तलावाच्या धक्क्यावर एका कामगाराचे मनगट मोडले. मी डोंबिवलीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी त्या तलावावर कामाला असल्यामुळे ते यंत्र मला जवळून पाहता आले.

यंत्र म्हणजे काय, तर पाण्यात रोवलेले दोन लोखंडी खांब, त्यांवर आडवी तुळई आणि हाताने फिरवायचा रहाट. होडीच्या पोटाखालून दोन पट्टे घ्यायचे आणि दांडा फिरवून तिला दीड मीटर वर टांगून ठेवायचे. कल्पना चांगली आहे. टांगलेल्या होडीवर शेवाळ धरत नाही आणि तळाला तडा गेला असेल तर तो दिसतो. पाण्यात बांधून ठेवलेल्या होडीचा तळ मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, आणि तीत आपण शाळेची सहल बसवतो!

रहाटावर 250 किलोग्रॅमची पाटी होती. होडी होती 200 किलोग्रॅमची. मग बिघडले कुठे? मालक म्हणतो, यंत्रच निकृष्ट. मला तसे वाटत नाही. ते निवडताना एक साधी बेरीज राहून गेली होती.

आदल्या रात्री सुमारे 100 मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्याकडे जुलैत ही काही नवलाची गोष्ट नव्हे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. होडीचा उघडा भाग 2 चौरस मीटर धरा. त्यावर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 200 लिटर, म्हणजेच 200 किलोग्रॅम. पट्ट्यांत एक होडी नव्हती, दोन होत्या म्हणा ना!

आता रहाटाकडे पाहू. दांडा 30 सेंटिमीटरचा, दोर गुंडाळायच्या रुळाची त्रिज्या 5 सेंटिमीटर आणि मध्ये चौपटीची दातेरी चाके. यांत्रिक फायदा झाला 24. कार्यक्षमता 70 टक्के मानली, तर रिकाम्या होडीसाठी हाताला सुमारे 12 किलोग्रॅम भाराइतके बल लावावे लागते आणि भरलेल्या होडीसाठी सुमारे 24. शिवाय दांड्याचे एकोणीस फेरे!

पण आपल्या पुस्तकातल्या उदाहरणांत न येणारी खरी गोम पुढेच आहे. तिथे भार आरंभापासून शेवटपर्यंत सारखा असतो. इथे तसे नाही. होडी पाण्यात असेपर्यंत प्लावक बल तिला तोलून धरते, म्हणून पहिले फेरे अगदी हलके जातात. होडी जसजशी वर येते तसतसे प्लावक बल कमी होते आणि तेवढा भार दोरावर येतो. माणसाला वाटते, जमले! आणि नेमका तळ पाण्याबाहेर येताना हात थकतो. रहाट उलटा फिरू नये म्हणून दातेरी चाकावर एक खटका असतो. त्याची कटकट नको म्हणून कोणीतरी तो तारेने बांधून ठेवला होता. हात सुटला, होडी खाली निघाली आणि दांडा गरगरत मनगटावर बसला.

आता त्या धक्क्यावर विजेची मोटार बसवायचे घाटत आहे. माझा त्याला विरोध आहे. मोटार पाण्याचा हिशेब करणार नाही; ती थकत नाही, म्हणून पट्टा तुटेपर्यंत ओढत राहील. मासुंदा किंवा उपवनसारख्या तलावांसाठी मला उतरंडच योग्य वाटते. सहास एक असा फरसबंदी उतार, त्यावर चाकांचा गाडा आणि वर साधा रहाट. 400 किलोग्रॅमच्या भारालाही दोराने सुमारे 67 किलोग्रॅम भाराइतके ओढावे लागते, घर्षणाचे थोडे वेगळे. दातेरी चाकांवाचून, सहापट फायद्याच्या रहाटावर, हाताला साधारण 16 पुरते. दीड मीटर चढायला नऊ मीटर ओढावे लागते, ते ओढावे. दोर तुटलाच तर गाडा पाण्यात परत जाईल, कोणाच्या डोक्यावर पडणार नाही; मात्र त्याच्या मागे उभे राहायचे नाही. उतार बांधायचा तो मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, नाहीतर त्याचे टोक उन्हाळ्यात कोरडे पडते. खटका हवाच. आणि तळाचे बूच हाताशी हवे: आतली पातळी बाहेरच्या पातळीच्या वर आली की बूच काढावे आणि पाणी जाईपर्यंत थांबावे.

खाडीची गोष्ट वेगळी. कल्याणला दुर्गाडीखाली, जिथे शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली, तिथे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरच्या वर जातो. आत खाडीत तो निराळा असतो. भरतीला होडी ठोकळ्यांवर आणून बांधावी. ओहोटीला तळ आपोआप उघडा पडतो. उचलण्याचे काम चंद्राने केलेले असते. अशा ठिकाणी यंत्र विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. तराजूवाचून होडीचे वजन काढणे हा नववी-दहावीला सुरेख प्रयोग आहे. सपाट तळाची, उभ्या बाजूंची होडी धक्क्याला बांधावी आणि ती रिकामी किती बुडते ते पट्टीने मोजावे. मग जीवरक्षक जाकिटे घालून चार विद्यार्थी बसवावेत आणि पुन्हा मोजावे. आमच्या चौघांचे मिळून वजन 192 किलोग्रॅम होते आणि होडी 8 सेंटिमीटर आणखी बुडाली, म्हणजे दर सेंटिमीटरला 24 किलोग्रॅम. रिकाम्या होडीची बुडी एका गटाने 8 सेंटिमीटर मोजली, दुसऱ्याने 9. पहिल्यांचे उत्तर 192 आले, दुसऱ्यांचे 216, आणि धक्क्यावर चांगलेच भांडण जुंपले. शेवटी ध्यानात आले की पहिल्यांनी पुढच्या टोकाशी मोजले होते आणि दुसऱ्यांनी मागच्या.