राजाच्या जागी कोण?

वाचकहो, सिनेमावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर आमच्यापाशी उत्तर नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. निम्मे आयुष्य लेजर आणि आवक-जावक वहीत गेले, उरलेले वस्तीच्या कामात. पण गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका इंग्रजी सिनेमावरून जे भांडण पेटले, ते अजून विझलेले नाही, म्हणून हा लेख.

सिनेमाचे नाव 'ब्लॅक पँथर : वकांडा फॉरएव्हर'. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो जगभर लागला, आपल्याकडे हिंदीतही आला. आमच्या पोरांनी तो तेव्हाच पाहिला होता, आता आजीला दाखवायचा म्हणून पुन्हा घरी लावला. हा दुसरा भाग. पहिला २०१८ सालचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वकांडा हा आफ्रिकेतला कल्पनेतला देश. गोऱ्यांना तो कधी जिंकता आला नाही. त्याच्याकडे व्हायब्रेनियम नावाचा अजब धातू आहे, आणि देशाचा राजा टी'चाला एक वनस्पती पिऊन अचाट शक्तीचा 'पँथर' होतो. पोरखेळ वाटेल. आम्हालाही वाटला होता. पण जगात काळ्या माणसांचा एक देश असा दाखवला, की जिथे कोणी कोणाचा गुलाम झालाच नाही, आणि तो पाहायला अमेरिकेतले काळे लोक सणासारखे कपडे घालून, लेकरेबाळे घेऊन गेले. गरीब वस्तीतल्या मुलांना तो दाखवता यावा म्हणून लोकांनी वर्गण्या काढून तिकिटे घेतली. हा पोरखेळ नव्हे.

त्या राजाचे काम केले होते चॅडविक बोसमन यांनी. या गृहस्थाने निवडलेल्या भूमिका पाहा. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत १९४७ साली ओलांडणारे जॅकी रॉबिन्सन त्यांनी २०१३ मध्ये केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल २०१७ मध्ये केले. आणि मग हा राजा. २०१६ सालीच त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे कळले होते. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या मधल्या दिवसांत ते सिनेमे करत राहिले, आणि हे मोजक्या माणसांखेरीज कोणाला कळू दिले नाही. २८ ऑगस्ट २०२० रोजी ते गेले. वय ४३. आमच्याहूनही लहान.

(इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शौचातून रक्त जाणे, पोट महिनोन्‌महिने बिघडलेले असणे हे आपल्या वस्तीत माणसे लाजेने लपवतात आणि मूळव्याधीचे चूर्ण खात बसतात. अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने या कर्करोगाच्या तपासणीचे वय २०२१ साली पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले. तेव्हा सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगा, लाजू नका.)

ते गेले तेव्हा तिकडच्या लहान मुलांनी खेळण्यातल्या पँथरची अंत्ययात्रा काढली, बाकीच्या बाहुल्या भोवती उभ्या केल्या आणि छातीवर हात फुली करून वकांडाचा सलाम केला. ती छायाचित्रे जगभर फिरली. आणि तिथेच प्रश्न उभा राहिला. दुसरा भाग काढायचा ठरलेला होता. दिग्दर्शक रायन कूगलर यांनी कथा लिहून ठेवलेली होती, पण ती वाचण्याइतके त्राणही बोसमन यांच्यात उरले नव्हते. आता राजाच्या जागी कोण?

कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले की टी'चालाच्या भूमिकेत दुसरा नट घेणार नाही. राजा पडद्यावरही मेला असेच दाखवायचे ठरले. यावर प्रेक्षकांत जी फूट पडली ती सिनेमा येण्याआधीपासून आहे. एका समीक्षकाने भूमिका दुसऱ्या नटाला द्या असा अर्ज काढला, त्यावर पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. बॅटमॅन किती नटांनी केला, सुपरमॅन किती नटांनी केला! गोरा नायक अमर, आणि काळा राजा मात्र नटाबरोबर पुरायचा? हे पात्र १९६६ पासून चित्रकथेच्या पुस्तकांत आहे, ते एका माणसाचे नाही, आमच्या मुलांचे आहे. बोसमन यांच्या सख्ख्या भावानेही, चॅडविकला हेच आवडले असते, अशा अर्थाचे मत दिले होते. दुसरी बाजू म्हणत होती, अजून डोळ्यांतले पाणी सुकले नाही, त्या पोशाखात दुसऱ्याला कसे बघू?

आमच्या खोलीत नेमके हेच झाले. पोरगा पहिल्या बाजूचा. "पप्पा, दुसरा नट घ्यायला काय झालं होतं? जेम्स बाँड बदलतात तेव्हा कोण रडतं?" पोरगी उसळली, "बहीण झाली ना पँथर! शुरी झाली! मग तुझं पोट का दुखतं?" पोरगा म्हणाला, बहिणीला ना नाही, पण राजा पण हवा. दोघांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही नेहमीप्रमाणे चष्मा पुसत बसलो.

आईने मात्र पडद्यावरून नजर काढली नव्हती. सुरुवातीलाच राजाची अंत्ययात्रा आहे. सगळा देश पांढऱ्या कपड्यांत. ढोल वाजतात, लोक नाचतात, आणि राणी रामोंडा व राजकन्या शुरी शवपेटीमागून चालतात. आई म्हणाली, "हे बी पांढरंच घालत्यात की मयताला. वाजवत्यात, नाचत्यात, अन् रडत्यात बी." मग ती गप्प झाली. आम्हाला कळले ती कुठे पोचली ते.

आमचे थोरले बंधू २०१९ साली गेले. वस्तीतल्या विहाराच्या समितीचे ते बावीस वर्षे सचिव. वर्गणीचा हिशेब, जयंतीची परवानगी, कोणाच्या मुलाचा शाळेचा दाखला अडला तर तिथे धावणे, सगळे तेच. ते गेले आणि आठवड्यात समितीने त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला. माणूस वाईट नव्हता. पण बिचारा दादांसारखे बोलू बघे, दादांसारखा पेन खिशाला लावी, आणि लोक त्याच्या तोंडावर म्हणत, दादा असते तर असे केले नसते. चार महिन्यांत त्याने राजीनामा दिला. मग ती खुर्ची बरेच दिवस तशीच राहिली. वह्या आमच्या वहिनींकडे होत्या, कारण घरी त्याच लिहून देत असत. एके दिवशी त्या वह्या घेऊन सभेला आल्या आणि भिंतीजवळच्या सतरंजीवर बसून हिशेब वाचू लागल्या. आजही त्याच वाचतात. खुर्चीवर बसत नाहीत.

म्हणून आमचे मत, पोराची माफी मागून, कूगलर यांच्या बाजूने पडते. दुसरा नट घेतला असता तर तो बिचारा आमच्या त्या सचिवासारखा झाला असता. या सिनेमात राजाची उणीव झाकलेली नाही. ती घेऊनच बायका उभ्या राहतात. राणी रामोंडा जिनिव्हात राष्ट्रांच्या सभेत ताठ उभी राहून धातू चोरायला आलेल्यांना उघडे पाडते. मुलगा गेला, पुढे सेनापती बाईची चूक होते आणि मुलगी पळवली जाते, तेव्हा ही राणी दरबारात जो आकांत करते, तो पाहून आमच्या पोरानेही मोबाईल खाली ठेवला. हे काम केलेल्या अँजेला बॅसेट यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. मार्व्हल कंपनीच्या सिनेमातल्या अभिनयाला मिळालेले ते पहिलेच. मार्च २०२३ मध्ये पुरस्कार दुसरीला गेला आणि बॅसेट यांचा चेहरा उतरला, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून काही लोकांनी त्यांना नावे ठेवली. आमचा प्रश्न आहे, आयुष्यभर राबलेल्या बाईने वाईट वाटले तर चेहऱ्यावर दाखवायचेही नाही का? जानेवारी २०२४ मध्ये त्यांना मानाचा ऑस्कर देण्यात आला. कपडेपट करणाऱ्या रूथ कार्टर यांना मात्र या भागासाठीही ऑस्कर मिळाले, आणि दोन ऑस्कर घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

सगळ्या तक्रारी मात्र पोकळ नाहीत. सिनेमा दोन तास एक्केचाळीस मिनिटांचा. आई मधल्या लढाईत झोपली. आणि जी तक्रार आम्हाला सर्वांत खरी वाटते ती वेगळीच आहे. व्हायब्रेनियम शोधायला अमेरिकेचे यंत्र समुद्रात उतरते. धातूसाठी वकांडाच्या केंद्रावर हल्ला करतात ते फ्रान्सचे सैनिक. आणि शेवटी एकमेकांचे गळे धरतात कोण? तर आफ्रिकेतला वकांडा आणि समुद्राखाली राहणारे तालोकान. हे तालोकानचे लोक म्हणजे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांपासून आणि त्यांनी आणलेल्या देवीच्या रोगापासून वाचण्यासाठी पाण्यात गेलेले मेक्सिकोतले माया. दोघांनाही लुटणारा तिसराच, पण तो बाजूला राहतो आणि हे दोघे मरतात. तिकडच्या अनेक प्रेक्षकांना हे खटकले. आपल्या वाचकांना तर हे समजावून सांगण्याची गरजच नाही. शुरी शेवटी तालोकानच्या नेमोरला जिवंत सोडते आणि समेट करते, पण तोवर तिची आई बुडून मेलेली असते.

तरीही मेक्सिकोच्या बाजूने आनंदही मोठा झाला. नेमोर मूळ चित्रकथेत १९३९ पासून गोऱ्या कातडीचा. इथे तो माया झाला, त्याची प्रजा पडद्यावर माया भाषा बोलते. ते काम करणारे तेनोच हुएर्ता हे सावळे नट आपल्या देशात वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की आमच्या रंगाच्या माणसाला सिनेमात चोर नाहीतर नोकराचेच काम मिळते. मेक्सिकोतल्या मालिका लावा, सगळे चेहरे गोरे. (आपल्या मालिका लावल्या तर काय दिसते ते आम्ही सांगत नाही.) नायजेरियात लागोस शहरात या सिनेमाचा खास खेळ झाला.

आणि एक प्रेक्षक तर मंत्रीच निघाला! वकांडाचे सिनेमातले केंद्र मालीत आहे. तिथे चोरी करताना पकडलेले फ्रेंच सैनिक हात बांधून राष्ट्रांच्या सभेत गुडघ्यांवर बसवले जातात. ते पाहून फ्रान्सचे संरक्षणमंत्री लेकोर्नू यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर निषेध केला. मालीच्या विनंतीवरून लढताना आमचे ५८ जवान कामी आले, त्यांचा हा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे. मेलेल्या जवानांचे दुःख खरेच आहे, त्यावर आम्ही हसणार नाही. पण हॉलिवूडच्या सिनेमांत आफ्रिकेचे लोक पिढ्यान्‌पिढ्या रानटी दाखवले गेले, तेव्हा किती मंत्र्यांनी निषेध केला?

'पँथर' हे नाव ऐकले की आपल्या घरात कान टवकारतात. चित्रकथेतला पँथर १९६६ च्या उन्हाळ्यातला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि त्याच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. कूगलर त्याच ओकलंडचे. त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. हे आम्ही पोरांना सांगितले तेव्हा भांडण पाच मिनिटे थांबले.

मग शेवट आला. वकांडात वर्षभराने सुतकाचे कपडे जाळायची रीत आहे. शुरीने आधी नकार दिलेला असतो. शेवटी ती हैतीच्या किनाऱ्यावर एकटी बसून ते जाळते. तेवढ्यात भावाची प्रिया नाकिया येते आणि एक लहान मुलगा पुढे करते. राजाचाच मुलगा, लपवून वाढवलेला. त्याचे हैतीतले नाव तूसँ, ज्या तूसँ लूव्हर्त्यूर यांनी तिथल्या गुलामांचे बंड चालवले त्यांच्यावरून, आणि खरे नाव टी'चाला.

पोरगा उडालाच, "बघ, राजा आला!" पोरगी म्हणाली, "दोन तास चाळीस मिनिटं बायकांनी राज्य चालवलं आणि शेवटी वारस म्हणून मुलगाच आणला." इथे आम्ही पोरीच्या बाजूचे. गादी बापाकडून मुलाकडे जावी हा हिशेब आम्हाला कधी पटला नाही, मग ती वकांडाची का असेना. पण पोरगा विचारतो, "मग त्या पोराला बापाचं नावसुद्धा ठेवायचं नाही का?" याला आम्हाला उत्तर सापडलेले नाही.

आई लढाईनंतर जागी झाली होती. तिने आग पाहिली आणि विचारले, "कपडे कशापायी जाळती ती? धुऊन ठिवायचे." वहिनी त्या दिवशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमचे धुऊनच ठेवलेत आई, पेटीत." आणि चहा टाकायला उठल्या.

जात वैधता प्रमाणपत्राच्या कागदांबद्दल ज्या वाचकांनी विचारले आहे, त्यांना पुढच्या अंकात उत्तर देतो. जयभीम.