घरातील मत्स्यपेटी आणि पावसाळ्यातील खिडकी

बेंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये १९८३ साली सरकारी मत्स्यालय सुरू झाले. अशा ठिकाणी पेट्यांतून उडून जाणाऱ्या पाण्याची चिंता प्रेक्षकास नसते. घरात मात्र मत्स्यपेटी पुष्कळदा पुस्तकांच्या कपाटाशेजारीच असते. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागते, भिंतीचा रंग फुगतो. आणि मग बेंगळुरूच्या हवेला दोष देऊन खिडक्या घट्ट लावल्या जातात. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशातलाच हा प्रकार होय.

६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद अशा उघड्या पेटीतील पाणी दिवसाकाठी ३ मिलिमीटर उतरले, तर अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत गेले असे समजावे. २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या १ घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम बाष्प मावते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीतील हवा आधीच तीनचतुर्थांश भरलेली असेल, तर आणखी सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाण्यापुरतीच, जागा उरते. बाकीचे बाष्प थंड भिंतीवर व काचेवर पाणी होऊन बसते.

बाहेरील पावसाळी रात्रीची हवा २० अंशांची व बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी तिच्यात घनमीटरमागे १७ ग्रॅमच बाष्प असते. ती खोलीत येऊन २५ अंशांपर्यंत तापली की तीनचतुर्थांशच भरलेली ठरते. पाऊस पडत असताना खिडकी उघडल्याने खोली कोरडी होते, हे विपरीत वाटले तरी खरे आहे. मुंबईहून आलेल्या मराठी कुटुंबास ते सहसा पटत नाही, आणि त्यात नवल नाही. समुद्रकाठी बाहेरची हवाही खोलीइतकीच उष्ण असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूची गोष्ट निराळी.

खिडकीच्याही आधी झाकण हवे. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. पेटीत तापक असल्यास तिचा बराच भाग विजेच्या बिलात येतो. त्याच वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी आर्द्रता शोषणारे यंत्र विकत आणणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. साधी काच पुरते. मात्र प्राणवायूसाठी कोपऱ्यात फट ठेवावी.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी ही काच थोडी सरकवावी, कारण बाष्पीभवनाने पाणी थंड राहते. उडालेले पाणी क्षार मागे ठेवून जाते. तेव्हा भर घालताना कूपनलिकेचे जड पाणी टाळून साठविलेले पावसाचे स्वच्छ पाणी घालावे.